रोजच्या सवयी आणि आरोग्य : कशाला पुरावा आहे, कशाला नाही?

अर्धविराम

दहा हजार पावलं चाला. आठ ग्लास पाणी प्या. एकवीस दिवस नेटाने करा, सवय लागतेच. हे आकडे इतक्या ठामपणे सांगितले जातात की कोणीतरी मोजूनमापून ठरवले असणार, असं आपण धरूनच चालतो. सध्या मी हे आकडे मुळात आले कुठून ते शोधून वाचतेय, आणि मजा येतेय.

दहा हजार पावलांचंच घ्या. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, जाहिरातीला सोयीचा. तो तपासण्याचं काम कितीतरी नंतर झालं.

त्यातला एक मोठा अभ्यास २०१९ चा, हार्वर्डच्या आय-मिन ली यांचा. सरासरी वय ७२, साधारण १७ हजार बायका, कमरेला यंत्र लावून मोजलेली पावलं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. पुढे फायदा वाढत गेला, पण साधारण ७,५०० पाशी आलेख सपाट झाला.

मला यातला ४१ टक्क्यांपेक्षा आलेखाचा आकार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात उभा चढ अगदी सुरुवातीला आहे. म्हणजे जो काहीच चालत नाही त्याने थोडं चालायला घेतलं, तर फायदा सर्वात मोठा. आठ हजारांवरून अकरा हजारांवर जाणाऱ्याच्या पदरात त्या मानाने फारसं काही पडत नाही. आणि आपण सगळे सल्ले देतो ते नेमके दुसऱ्या टोकाचे! ज्याला उठून दारापर्यंत जायचा कंटाळा आहे त्याला दहा हजारांचं ध्येय दाखवायचं, मग तो चार दिवसांत सोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम (किंवा ७५ ते १५० मिनिटं दमछाक होईल असा) आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. त्यात एक बदल गाजावाजा न होता झाला. पूर्वी 'सलग किमान दहा मिनिटं' अशी अट होती, ती काढून टाकली. तीन मिनिटं जिने चढलात तर तीही धरा.

तर धागा यासाठी: तुमच्या माहितीत कोणत्या सवयींना खरोखरचा आधार आहे, आणि त्या टिकवायच्या कशा? चूर्ण, गोळ्या, 'माझ्या मावसभावाला गुण आला' हे कृपया इथे नको.

मधली सुट्टी

वाचतेय! एकवीस दिवसांचं काय मग? तेही जाहिरातीतूनच आलं का? मी तर 'नव्याचे नऊ दिवस' याच शास्त्रावर चालते.

अर्धविराम

@मधली सुट्टी, जाहिरातीतून नाही, प्लास्टिक सर्जनकडून. मॅक्सवेल माल्ट्झ या डॉक्टरांनी १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांनी 'किमान' गाळलं आणि नाकाजागी व्यायाम आणला.

प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी, २००९ मध्ये. ९६ जणांनी स्वतःच एक छोटी सवय निवडली: जेवणासोबत फळ, न्याहारीनंतर पाणी, संध्याकाळी धावणं, असं काहीतरी. ती विचार न करता आपोआप व्हायला लागण्याचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, पण पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला वेळ लागला. आणि मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी पुढच्या प्रवासावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

शंकेखोर

२५४ हा आकडा जपून वापरा. तो अभ्यास चालला ८४ दिवस. २५४ हा गणिती प्रतिमानाने पुढे ओढून काढलेला अंदाज आहे, कोणी २५४ दिवस मोजत बसलं नव्हतं.

आता मूळ लेखाबद्दल. मांडणी आवडली, पण पावलांच्या अभ्यासाचा मूलभूत प्रश्न तसाच राहतो. जे धडधाकट असतात तेच जास्त चालतात. ज्याला धाप लागते, गुडघे दुखतात, आतून काही आजार सुरू झालाय, तो कमीच चालणार आणि त्याचा मृत्यूही आधी होण्याची शक्यता. मग चालल्यामुळे आयुष्य वाढलं की आयुष्य शिल्लक होतं म्हणून चालता आलं? संशोधक वय, धूम्रपान, आधीचे आजार यांची वजावट करतात, सुरुवातीच्या काळातले मृत्यू वगळूनही बघतात, पण जे मोजलंच नाही त्याची वजावट कशी करणार?

हे नुसतं तर्कट नाही. बीटा-कॅरोटिनची, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतल्या केशरी घटकाची, गोष्ट आठवा. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त, त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी, हे निरीक्षणात वारंवार दिसलं होतं. म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. निरीक्षणाने एक सांगितलं, प्रयोगाने बरोबर उलटं.

त्यामुळे 'अमुक करणारे जास्त जगतात' असं वाक्य दिसलं की माझा पहिला प्रश्न: ते करायला कोणाला जमतं?

कोरा कागद

+१ शंकेखोर. 'ते करायला कोणाला जमतं' हा प्रश्न चौकटीत घालून भिंतीवर लावावा असा आहे.

अर्धविराम

शंकेखोर, रास्त आक्षेप. गंमत म्हणजे व्यायाम आणि आरोग्याच्या अभ्यासाला हा आक्षेप जन्मापासून सोबत आहे. जेरी मॉरिस यांचा १९५३ चा लंडनच्या दुमजली बसचा अभ्यास तुम्हाला माहीत असेल. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतर करणारे. नोकरी एकाच ठिकाणची, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी. सगळं जग 'बघा, व्यायाम!' म्हणून मोकळं झालं. मॉरिस यांनी मात्र १९५६ मध्ये कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि दाखवलं की ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर आधीपासूनच जास्त होती, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे बैठं काम निवडणारी माणसं मुळात थोडी वेगळी असू शकतात, ही शंका त्यांनी स्वतःच नोंदवली. मला हा माणूस त्यामुळेच फार आवडतो.

पण चालण्याच्या बाबतीत फक्त निरीक्षणं नाहीत. रक्तदाब, रक्तातली साखर, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद यांवर चिठ्ठ्या टाकून केलेले भरपूर प्रयोग आहेत. कारणाची साखळीही माहीत आहे: स्नायू आकुंचन पावला की तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. जेवणानंतर थोडं चाललं तर साखरेचं शिखर बुटकं होतं ते यामुळे. बीटा-कॅरोटिनच्या गोळीला हा मधला पूल नव्हता. ४१ टक्के हा आकडा फुगलेला असेल, मान्य. दिशा मात्र खरी वाटते.

शंकेखोर

दिशा खरी, एवढ्यावर सही करतो.

मधली सुट्टी

हा वाद वाचता वाचता खुर्चीतून उठले. पुढचे प्रतिसाद उभ्याने वाचणार. बसून राहणं म्हणजे नवीन धूम्रपान म्हणतात ना?

शंकेखोर

म्हणतात, पण तसं नाहीये. धूम्रपानाचा धोका कितीतरी पट मोठा आहे. २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिलं, तर रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रम करणाऱ्यांमध्ये जास्त बसण्याचा जादा धोका जवळजवळ पुसला गेला. सिगारेटला असा उतारा नाही.

स्टेथो

झोपेवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे येणाऱ्यांत 'झोप येत नाही' ही तक्रार फार, आणि बहुतेकांनी 'आठ तास' हा आकडा मानगुटीवर बसवून घेतलेला असतो. प्रौढांना साधारण सात तास किंवा जास्त झोप लागते हे बरोबर, पण आठ पुरे करायचे म्हणून लोक दहाला अंथरुणात शिरतात, बारापर्यंत छताकडे बघतात आणि भरपाई म्हणून सकाळी उशिरा उठतात. तिथेच घोळ होतो.

झोप दोन गोष्टींनी ठरते. एक, जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. दुसरी, शरीरातलं घड्याळ. (या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.) उशिरा उठलात की दाब साठायला वेळ कमी मिळतो, आणि घड्याळही उशिराकडे सरकतं. म्हणून झोपायची वेळ ठरवण्याऐवजी उठायची वेळ ठरवा, सुटीच्या दिवशीही. झोपायला मात्र झोप आल्यावरच जा. ब्रिटनमधल्या साठ हजारांवर लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी पाहता झोपेची नियमितता ही झोपेच्या तासांपेक्षा मृत्यूच्या धोक्याशी अधिक घट्ट जोडलेली दिसली. (शंकेखोर, हेही निरीक्षणच आहे, माहीत आहे.)

घड्याळाला वेळ सांगतो उजेड. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी नव्हे तर उजेड मोजण्यासाठीच्या वेगळ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झालं. घरातल्या दिव्याखाली दोनशे-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर ढगाळ हवेतही हजारांच्या घरात. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, त्या पेशींना जाणवतो. उठल्यावर तासाभरात थोडा वेळ बाहेर जा. चालत गेलात तर अर्धविराम यांच्या खात्यातही जमा होईल.

कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं. त्यातलं अर्धं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला तीन, कोणाला सात, गरोदरपणात त्याहून कितीतरी जास्त. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर झोप तासाभराहून जास्त कमी झाली. 'मला कॉफी पिऊनही छान झोप लागते' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, लागते म्हणजे खोल लागते असं नव्हे. दारूचंही तेच. डोळा पटकन लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते.

आणि अंथरुणात पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठा. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, झोप आली की परत या. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला हा उपाय ऐकायला अगदीच साधा वाटतो, पण अंथरूण म्हणजे तळमळ हे मेंदूत बसलेलं नातं तोडायला तो उपयोगी पडतो. जुनाट निद्रानाशासाठी आज गोळ्यांच्या आधी ज्या वर्तनोपचाराची शिफारस होते, त्यात हे एक प्रमुख पाऊल आहे. घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या जागी डुलक्या येत असतील, तर मात्र या युक्त्यांत वेळ घालवू नका, तपासून घ्या.

कोरा कागद

डॉक्टर, मोबाइल राहिला!

स्टेथो

मोबाइलच्या निळ्या उजेडाचा जरा जास्तच बोलबाला झालाय. रात्री चार-चार तास उजळ पडद्यावर पुस्तक वाचायला लावलेल्या प्रयोगात छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला साधारण दहा मिनिटं उशीर झाला. दहाच मिनिटं. मोबाइल झोप खातो ती मुख्यतः वेळ खाऊन आणि मन पेटवून. उजेड कमी करणारा चष्मा घालून भांडणं वाचलीत तर उपयोग काय?

मधली सुट्टी

'भांडणं वाचलीत तर' हा आपल्या सगळ्यांना उद्देशून टोमणा होता, नोंद घ्यावी.

पण डॉक्टर, माझा प्रश्न वेगळा आहे. पडल्या पडल्या उद्याच्या कामांची यादी डोक्यात फिरायला लागते. त्याचं काय?

अर्धविराम

@मधली सुट्टी, यावर २०१८ चा एक छोटा, छान प्रयोग आहे, मायकल स्कलिन यांचा. ५७ जण, झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र. झोपण्याआधी पाच मिनिटं अर्ध्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायची, अर्ध्यांनी झालेली कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. माणसं कमी आहेत, एकाच रात्रीचं आहे, त्यामुळे डोक्यावर घेऊ नका. पण खर्च कागदाच्या चिठोऱ्याचा.

रातपाळी

बराच वेळ वाचतेय आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते. मी रुग्णसेवेत आहे. आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. 'रोज एकाच वेळी उठा, सकाळचा उजेड घ्या.' सकाळचा उजेड मी घेते तेव्हा मला घरी जाऊन झोपायचं असतं! वर कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. सगळे सल्ले नऊ ते पाचवाल्यांसाठी आहेत. आमच्यासारख्यांनी काय करायचं, राजीनामा द्यायचा?

स्टेथो

रातपाळी, तुमचा राग अगदी योग्य आहे. बदलत्या पाळ्यांचं वेळापत्रक हा मुळात व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, तो एकट्या माणसाच्या सवयींनी सुटत नाही. पाळ्या बदलायच्याच असतील तर दिवस, संध्याकाळ, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने बदललेल्या शरीराला सोप्या जातात, उलट्या क्रमाने अवघड. पाळ्यांच्या याद्या करणाऱ्यांपर्यंत हे पोचवता आलं तर पाहा.

स्वतःपुरतं एवढं करता येईल: पाळीच्या पूर्वार्धात उजेड भरपूर घ्या, उत्तरार्धात कमी करा. घरी जाताना गडद चष्मा, झोपायच्या खोलीत काळोख. कॅफिन पाळीच्या सुरुवातीला, शेवटच्या काही तासांत नाही. रात्रीचं मुख्य जेवण शक्यतो पाळीआधी, मध्यरात्री हलकं. चष्म्याबद्दल एक अट: स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर चष्मा नको आणि गाडीही नको. सलग सतरा तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते, हे ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये मोजलेलं आहे.

जुनी सायकल

नमस्कार मंडळी. वयाने इथे बहुधा मीच ज्येष्ठ, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. चालण्याचे गोडवे सर्वच गातात, परंतु मूळ लेखात 'स्नायूंचा व्यायाम' हे दोन शब्द येऊन गेले आणि कोणाच्याही लक्षात राहिले नाहीत. आमच्या वयाच्या माणसाला विचारा. चालता येते, पण जमिनीवरून उठता येत नाही. बरणीचे झाकण उघडत नाही.

तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर वजनाहूनही वेगाने जाते. आता उशीर झाला, असे म्हणणाऱ्यांसाठी १९९० चा मारिया फियातारोने यांचा प्रयोग सांगतो. वृद्धाश्रमातली नव्वदीच्या घरातली दहा अशक्त माणसे. आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम, तोही गुळमुळीत नव्हे, चांगला जड. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली.

आणि पडणे! म्हातारपणी हाड मोडले की पुढचे सगळेच बदलते. तोल आणि ताकद यांच्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा सांगतो. मी स्वतः काय करतो? हात न टेकता खुर्चीतून उठ-बस. दात घासताना एका पायावर उभे राहणे, बेसिन हाताशी असतेच. भिंतीला हात लावून जोर. साधन काहीही नाही. नातवंडे हसतात, हसू देत.

कोरा कागद

काका, दंडवत. 'दोघांनी काठी सोडली' हे दोनदा वाचलं.

शंकेखोर

दहा माणसं, तुलनेला गट नाही. तरीही... हा अभ्यास मलाही आवडतो. शिवाय पुढे मोठ्या, तुलनागट असलेल्या चाचण्यांतही ताकद वाढलीच.

मधली सुट्टी

शंकेखोरांना काहीतरी आवडलं! धाग्याचं सार्थक झालं.

आता खाण्याकडे वळा की. आणि आठ ग्लास पाणी अजून शिल्लक आहे.

अर्धविराम

पाण्याचं पटकन उरकते. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने रोज अडीच लिटर पाणी सांगितलं आणि त्याच परिच्छेदात लिहिलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. दुसरं वाक्य बहुधा कोणी वाचलं नाही. २००२ मध्ये मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ वाल्टिन यांनी आठ ग्लासांचा पुरावा शोधला, निरोगी माणसासाठी तो सापडला नाही. तहान लागली की प्या. मुतखड्याचा त्रास, उन्हातलं काम, वय झाल्यावर मंदावलेली तहान, ही प्रकरणं वेगळी.

खाण्यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण त्यावर धागा काढला की तीनशे प्रतिसाद आणि शेवटी अबोला. केविन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग तेवढा सांगते. वीस माणसं चार आठवडे संस्थेतच राहिली. दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सगळं जुळवलेलं, खायचं हवं तेवढं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत साधारण ०.९ किलोने वाढली, दुसऱ्यात तेवढीच उतरली. प्रक्रिया केलेलं अन्न ती भराभरा खात होती. इथे इच्छाशक्ती सारखीच होती, माणसंही तीच, बदललं फक्त समोरचं ताट.

उघडं दार

मी इथे फारसं लिहीत नाही. पण 'सवयींनी मानसिक आरोग्य सुधारा' हे वाक्य मला टोचतं, म्हणून.

नैराश्यात असताना मला सगळे हेच सांगायचे. जरा फिरायला जा, उन्हात बस, मित्रांना भेट. ते सगळं बरोबर आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. आंघोळीला उठणं जमत नव्हतं. सल्ला देणारा निघून जायचा आणि माझ्याकडे एक नवीन न जमलेली गोष्ट उरायची.

अर्धविराम, तुमची मांडणी मात्र वेगळी वाटली, आलेखाचा चढ सुरुवातीला असतो ती. माझ्या समुपदेशकाने नेमकं तेच केलं होतं. 'बरं वाटलं की उठेन' याची वाट बघायची नाही, आधी अगदी बारीक कृती ठरवायची: खिडकी उघडणं. मग गॅलरीत पाच मिनिटं. मूड कसा आहे ते नंतर लिहायचं. याला वर्तन सक्रियीकरण म्हणतात हे मला नंतर कळलं. १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी दीडशे रुग्णांवर तपासलं होतं की नुसता हा भाग आणि विचार बदलण्याचं संपूर्ण तंत्र यांत किती फरक पडतो. परिणाम सारखेच निघाले.

औषधंही चालू होती आणि त्याबद्दल मला कोणाकडून ऐकून घ्यायचं नाहीये.

स्टेथो

उघडं दार, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. औषध आणि सवयी यांत एक निवडा, अशी सक्ती कोणी केलेली नाही. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठात ब्लुमेंथाल यांनी नैराश्य असलेल्या १५६ मध्यमवयीन आणि वयस्क लोकांना व्यायाम, सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध किंवा दोन्ही दिलं. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले, फक्त औषधाच्या गटाची सुधारणा सुरुवातीला जलद होती. लोक यातून 'औषधाची गरज नाही' एवढंच उचलतात. पण त्या व्यायामाला आठवड्यातून तीनदा देखरेख होती, सोबत माणसं होती. घरी एकट्याने उठून करायचं, हे त्यात मोजलेलं नाही.

वाचणाऱ्यांसाठी: उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा. आणि चालू औषध मनाने बंद करू नका.

जुनी सायकल

सोबत माणसं होती, हे महत्त्वाचे. ज्युलियान होल्ट-लुन्स्टॅड यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास, तीन लाखांवर माणसे एकत्र करून पाहिले. ज्यांचे नातेसंबंध घट्ट त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक. आमचा सकाळचा चालण्याचा गट आहे. एखादा आला नाही तर फोन जातो. चालणे निम्मे, फोन निम्मा.

कोरा कागद

सगळं पटलं. पण माझं घोडं नेहमी पेंड खातं ते 'उद्यापासून' इथे. इच्छाशक्ती वाढवायचा काही पुराव्यानिशी उपाय?

शंकेखोर

इच्छाशक्ती ही वापरली की संपणारी शिदोरी आहे, असं १९९८ पासून सांगितलं जात होतं. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर तोच परिणाम पुन्हा शोधला, जवळपास काही सापडलं नाही. ती वाढवायच्या नादी न लागलेलं बरं.

त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं जर-तर. 'जास्त चालणार' असं नाही, 'जेवणाचं ताट उचललं की चपला घालणार' असं. वेळ, जागा, आधीची क्रिया ठरलेली. २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात असं लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला; नुसत्या प्रेरक मजकुरावर ३५ टक्क्यांनी. लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, त्यामुळे जरा जपून वाचा. पण प्रेरणादायी भाषणं निकामी ठरली, याचा मला वैयक्तिक आनंद झाला.

कोरा कागद

ताट उचललं की चपला. लिहून फ्रीजवर लावलं.

रातपाळी

@स्टेथो, पूर्वार्धात उजेड करून बघते. आमच्याकडे मधल्या सुटीत डुलकी काढायला खोली आहे, पण उठल्यावर डोकं अजूनच जड होतं. मग काढायचीच नाही का?

स्टेथो

काढा, पण वीस मिनिटांचा गजर लावून. अर्धा-पाऊण तास झोपलात की गाढ झोपेतून उठावं लागतं, जडपणा त्याचा असतो. वेळ असेल तर सरळ दीड तास, म्हणजे झोपेचं एक आवर्तन साधारण पुरं होतं. शक्य असेल तर पाळीला निघण्याआधी घरीच दुपारी एक झोप काढून जा, तिचा उपयोग जास्त. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं औषधांचे डोस मोजणं, इंजेक्शन भरणं असलं काम घेऊ नका. तोंड धुवा, उजेडात उभ्या राहा, मग वॉर्डात जा.